कलावंताचं मूल आणि चेरीची फळी: आधुनिक जपानी वुडब्लॉकमधल्या बालचित्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी ठसाचित्रं (वुडब्लॉक), म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेली चित्रं, म्हटलं की डोळ्यांपुढे होकुसाईची लाट येते, फार तर हिरोशिगेचा पाऊस. माणसांत गेलो तर नट आणि गणिका. चित्रकारानं स्वतःच्या पोराचा ठसा काढलाय असं सांगितलं, की ऐकणारा हमखास चार प्रश्न विचारतो. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बरीचशी योशिदा घराण्यातली आहेत. तिथे बाप, आई, दोन मुलगे, सून आणि नात सगळेच ठसे काढणारे निघाले, आणि शिवाय या घराण्याचा आपल्या वेरुळाशीही थोडा संबंध आहे.

जुन्या जपानी ठशांत मुलं नव्हती का?

भरपूर होती. उतामारो या जुन्या ठसाचित्रकारानं लोककथेतली डोंगरातली रानटी बाई यामाउबा आणि तिचा दांडगा लाल पोरगा किनतारो यांचे कितीतरी ठसे काढले. दूध पिणारं मूल, आईच्या पाठीवरचं मूल, आरशात डोकावणारं मूल, खेळात रमलेली पोरं, सगळं आहे. पण ही मुलं कुणाची तरी नाहीत. एक तर ती गोष्टीतली, नाही तर 'आई आणि मूल' या विषयातली. अमुक चित्रकाराचा अमुक मुलगा, अमुक वयात असा दिसायचा, असा ठसा एदो काळात (साधारण १६०३ ते १८६८) शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

का बरं? चित्रकारांना पोरंबाळं नव्हती?

होती की! होकुसाईची मुलगी ओई स्वतः कसलेली चित्रकार होती आणि म्हातारपणी बापाजवळच राहत होती. कुनियोशीच्या दोन मुलींनी, योशितोरी आणि योशिजो यांनी, बापाच्या ठशांमधल्या छोट्या चौकटींतली चित्रं काढली आहेत. म्हणजे मुली कामात होत्या, पण ठशाचा विषय नव्हत्या.

कारण सरळ धंद्याचं आहे. ठसा एकट्या चित्रकाराचा नसायचा. प्रकाशक पैसा घालायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा फळी कोरायचा आणि छापणारा छापायचा. चित्रकाराला मोबदला मिळायचा आणि फळ्या प्रकाशकाकडे राहायच्या. आता त्या प्रकाशकाला जाऊन सांगा, "माझी धाकटी फार गोड दिसते, तिचा ठसा काढू या." तो विचारणार, घेणार कोण? नटाचा ठसा त्याचे चाहते घेतात. कुणाच्या धाकटीचा कोण घेईल?

माझं म्हणणं एवढंच आहे: कलावंताचं मूल ठशात आलं ते फळी कलावंताच्या मालकीची झाली तेव्हा. त्याला पोराबाळांचं प्रेम काही विसाव्या शतकात फुटलं नाही.

फळी कलावंताच्या हाती कधी आली?

दोन वाटांनी. पहिली वाट बंडखोरांची. १९०४ मध्ये यामामोतो कानाए यानं 'कोळी' (मासेमार) हा ठसा स्वतः रेखाटला, स्वतः कोरला आणि स्वतःच छापला. मधले सगळे हात त्यानं वगळले. यातूनच 'सोसाकु हांगा', म्हणजे सर्जनशील ठशांची चळवळ उभी राहिली. जाता जाता सांगायला हवं, की हाच यामामोतो पुढे लहान मुलांच्या चित्रकलेसाठी झटला. रशियातून परतताना तो तिथल्या मुलांची चित्रं पाहून आला होता. १९१९ मध्ये नागानो भागातल्या एका प्राथमिक शाळेत त्यानं मुलांच्या मुक्त चित्रांचं प्रदर्शन भरवलं. पुस्तकातलं चित्र गिरवण्यापेक्षा समोरचं पाहून काढा, असा त्याचा आग्रह होता. स्वतः रेखाट, स्वतः कोर, स्वतः छाप म्हणणारा माणूस मुलांनाही 'स्वतः बघ' म्हणाला, यात नवल नाही.

दुसरी वाट व्यवहाराची, आणि ती हिरोशी योशिदा यांची. त्यांनी जुनी कामाची विभागणी ठेवली, कोरणारे-छापणारे कारागीरही ठेवले. फक्त प्रकाशकाची खुर्ची स्वतः घेतली.

हे हिरोशी योशिदा कोण?

जन्म १८७६, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावी. योशिदा कासाबुरो या चित्रकला शिक्षकानं या हुशार विद्यार्थ्याला दत्तक घेतलं. मूळ पिंड जलरंग आणि तैलरंगांचा. १८९९ मध्ये एका चित्रकार मित्राला घेऊन ते अमेरिकेला गेले आणि डेट्रॉइटच्या संग्रहालयात त्यांची चित्रं लागली. कासाबुरोंची मुलगी फुजिओ हीही चित्रकार. पुढे तिच्याशीच त्यांचं लग्न झालं.

ठशांकडे ते बऱ्याच उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर आले. १९२० मध्ये वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाबरोबर काम सुरू केलं. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोच्या परिसरात कांतोचा भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि वातानाबेंच्या दुकानातल्या फळ्या नि ठसे जळून गेले. त्यानंतर योशिदा चित्रं घेऊन पुन्हा अमेरिकेत गेले. तिथल्या लोकांना जपानी ठशांचं किती वेड आहे हे त्यांनी पाहिलं, आणि १९२५ मध्ये परतल्यावर घरचाच छापखाना उभा केला. तिथल्या ठशांच्या समासात 'जिझुरी' म्हणजे 'स्वतः छापलेलं' अशी मोहोर असते. प्रत्येक प्रत त्यांनी स्वतःच्या हातानं घासली असा त्याचा अर्थ घेऊ नका. त्यांच्या छपराखाली, त्यांच्या नजरेसमोर आणि त्यांच्या पसंतीनं छापली, असा घ्या. मात्र कोरणं-छापणं त्यांना स्वतःला येत होतं, त्यामुळे कारागिरांना "हे जमत नाही" म्हणून सुटका नसायची!

आणि मुलाचा ठसा?

होदाका हा धाकटा मुलगा सप्टेंबर १९२६ मध्ये जन्मला. हिरोशी हे अस्सल गिर्यारोहक, म्हणून मुलाला जपानी आल्प्समधल्या होताका शिखराचं नाव दिलं. १९२७ च्या ठशांत 'कोदोमो' म्हणजे 'मूल' नावाचा एक ठसा आहे. बोटी, शिखरं, धबधबे आणि देवळांची दारं यांच्या रांगेत हे एक मूल. शीर्षकात नाव नाही, वय नाही, नुसतं 'मूल'.

तारखा शेजारी ठेवून बघा: १९२५ ला घरचा छापखाना, १९२६ ला मुलगा, १९२७ ला 'कोदोमो'. वातानाबेंकडे असते तर हा ठसा निघाला असता असं मला वाटत नाही.

मूल समोर बसवून कोरतात का?

नाही हो, ते शक्यच नाही. वर्षभराचं पोर दोन मिनिटं एका जागी बसत नाही, आणि ठशाला कित्येक आठवडे लागतात. समोर बसवून होतं ते फक्त रेखाटन. पुढचं सगळं काम कागद आणि लाकूड यांच्यात चालतं.

पक्कं रेखाटन पातळ कागदावर उतरवतात. तो कागद तोंड खाली करून चेरीच्या फळीवर चिकटवतात. ही चेरी रानातली, यामाझाकुरा जातीची, घट्ट आणि बारीक रेषांची असते. मग कागदाची पाठ बोटानं हलके चोळत सोलत आणतात, इतकी की रेषा लाकडावरच काढल्यासारख्या दिसाव्यात. कोरणारा त्या रेषांच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढतो. ही झाली मुख्य फळी. तिच्या काळ्या प्रती काढून चित्रकार एकेका प्रतीवर एकेका रंगाची जागा भरतो, आणि त्या प्रती चिकटवून रंगांच्या फळ्या कोरल्या जातात.

प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच असते. यांना 'केंतो' म्हणतात. कागदाचा कोपरा एकीत, कड दुसरीत. सगळ्या रंगांचा मेळ या दोन खाचांवर अवलंबून. केसाएवढा जरी कागद सरकला, तरी मुलाच्या डोळ्यातलं बुबुळ पापणीबाहेर जातं.

म्हणजे रेखाटन झालं त्या दिवशी मूल रांगत असेल, तर पहिली चांगली प्रत हाती येईपर्यंत ते उभं राहू लागलेलं असणार.

म्हाताऱ्यापेक्षा मुलाचा चेहरा अवघड का?

कारण लाकडाला रेषा आवडते आणि मुलाच्या गालावर रेषाच नसते. ठसाचित्रकार ओंची कोशिरो यांनी १९४३ मध्ये काढलेला कवी हागिवारा साकुतारो यांचा ठसा बघा. आदल्याच वर्षी हा कवी वारला होता. चेहऱ्यावर खोल सुरकुत्या, खचलेले गाल. प्रत्येक सुरकुती पटाशीला आमंत्रण देते. तो ठसा आधुनिक जपानी व्यक्तिचित्रांत मोठा मानतात, आणि माझ्या मते त्या मोठेपणात थोडा वाटा चेहऱ्याच्या वयाचाही आहे.

मुलाकडे असतात दोन भिवया, ओठांची एक वळणदार रेघ, हनुवटीखालची घडी. बाकी सगळं गोल आणि सलग. काळी जाड बाह्यरेषा घातली की मूल बाहुलीसारखं दिसतं, रेषा काढून टाकली तर चेहरा कागदात विरून जातो. यावर जुनी युक्ती अशी की कातडीची बाह्यरेषा काळ्याऐवजी फिकट तांबूस रंगात छापायची. उतामारोनंही काही ठशांत हे केलं आहे. दूर उभं राहिलं की रेषा दिसत नाही, गाल तेवढा पुढे येतो.

मग गालाची लाली कशी येते?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या तंत्राला 'बोकाशी' म्हणतात. रंग गडद सुरू होऊन हळूहळू शून्यावर जायचा. लाकडात तसं काही कोरलेलं नसतं, फळी सपाटच असते. छापणारा ओल्या फडक्यानं फळीची ती जागा दमट करतो. मग ब्रशच्या फक्त एका कोपऱ्यावर रंग घेऊन ब्रश त्या ओलाव्यावर पुढे-मागे फिरवतो. रंगवाल्या कोपऱ्याकडे गडद, दुसऱ्याकडे जवळजवळ पाणीच. थोडी तांदळाची खळ मिसळलेली असते, त्यामुळे रंगाचे ठिपके पडत नाहीत. वर दमट केलेला कागद ठेवायचा आणि पाठीमागून 'बारेन' घासायचं. बारेन म्हणजे तळहातात मावणारी गोल चकती. आत बांबूच्या तंतूंची पिळलेली दोरी वेटोळं घालून बसवलेली असते, वरून बांबूच्या पानाचं आवरण ताणून बांधलेलं. दोरीच्या गाठींमुळे दाब एकसारखा पसरत नाही, असंख्य बारीक टोकांतून पडतो, आणि रंग कागदाच्या वर न राहता तंतूंत शिरतो.

हे एका लालीसाठी. दुसऱ्या प्रतीला पुन्हा ओलं फडकं, पुन्हा ब्रशचा कोपरा. त्यामुळे दोन प्रतींतले गाल कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

योशिदांच्या छापखान्यात याहून एक पाऊल पुढे जात. रंगांच्या अगोदर किंवा खाली करड्या रंगाची एक वेगळी फळी छापायची, 'नेझुमी', म्हणजे उंदरी. तैलचित्रात सावलीनं जो उठाव येतो तो या करड्यानं आणायचा. त्यांच्या एका ठशाला सरासरी तीसेक वेळा छापावं लागे. निक्को या गावच्या देवस्थानातल्या योमेईमोन दरवाज्याचा १९३७ चा ठसा तर ९६ वेळा कागद ठेवून झालेला आहे. मुलाच्या चेहऱ्याला ९६ लागत नाहीत, पण दरवाज्याचं कोरीवकाम थोडं चुकलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. ओठाची कड चुकली की मूल रडवेलं दिसू लागतं.

किशिदाच्या रेकोचं नाव ऐकलंय. ती ठसाचित्रं आहेत का?

नाही, ती मुख्यतः तैलचित्रं. पण प्रश्न रास्त आहे, कारण जपानी चित्रकलेत 'चित्रकाराची मुलगी' म्हटलं की पहिलं नाव रेकोचंच. किशिदा र्युसेई (१८९१–१९२९) यांची ही मुलगी १९१४ मध्ये जन्मली, आणि १९१८ पासून बापानं ती वारंवार रंगवली. १९२१ च्या 'हसरी रेको' या चित्रात ती विणलेली शाल पांघरून बसलीये, इवल्याशा हातात एक हिरवं फळ आहे. ते हात शरीराच्या मानानं चमत्कारिक लहान आहेत आणि हसू असं की गोड म्हणवत नाही. हे चित्र टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. किशिदांवर आधी ड्यूररसारख्या जुन्या युरोपीय चित्रकारांचा, नंतर चिनी चित्रांचा प्रभाव होता, तो इथे एकमेकांत मिसळलेला दिसतो.

तुलना केली तर फरक लगेच कळतो. किशिदांना शालीचा प्रत्येक धागा रंगवता आला, कारण मुलगी पुन्हा पुन्हा समोर बसत होती. वुडब्लॉकवाल्याला आधीच ठरवावं लागतं की काय सोडायचं. म्हणून लाकडातलं मूल नेहमी थोडं साधं, थोडं कमी दिसतं. काहींना ते उणं वाटतं. मला रेकोपुढे उभं राहिलं की अवघडल्यासारखं होतं, ठशापुढे तसं होत नाही.

योशिदांच्या मुलांचं पुढे काय झालं?

थोरली मुलगी चिसातो लहानपणीच गेली. १९११ मध्ये तोशी जन्मला. लहानपणीच्या आजारात त्याचा एक पाय अधू झाला. बाकीची पोरं हुंदडायची तेव्हा हा घरातल्या कामाच्या खोलीत बसून बघत राही आणि चित्रं काढी. बाप निसर्गदृश्यांचा, म्हणून यानं प्राणी निवडले. बापाच्या हयातीत तो बापाच्या वळणावर चालला. १९५० मध्ये हिरोशी वारले आणि थोड्याच काळात तोशी अमूर्ताकडे गेला. पुढे आफ्रिकेच्या प्रवासांनंतर पुन्हा प्राण्यांकडे आला.

होदाकाला बापानं विज्ञानाला घातलं होतं. घरात एक चित्रकार मुलगा बस झाला, असा हिशेब असावा. त्यानं चोरून तैलरंग हाती घेतले आणि तेही अमूर्त, जे बापाला अजिबात रुचणारं नव्हतं. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगला घातलेल्या कित्येक मुलांना हे ओळखीचं वाटेल. नंतर तोही ठशांत शिरला, मेक्सिको पाहून आला आणि पुढे फोटोवरून केलेल्या कोरीव छपाईची वुडब्लॉकशी सांगड घालू लागला. त्याची बायको चिझुको आणि १९५८ मध्ये जन्मलेली मुलगी आयोमी याही ठसाचित्रकार.

आईला विसरू नका. फुजिओ यांनी पासष्टी ओलांडल्यावर फुलांच्या अगदी जवळ जाऊन काढलेले अमूर्त ठसे केले. नवरा होता तोवर त्या मागेच राहिल्या. त्या ठशांपुढे मला हिरोशींची काही दृश्यं फिकी वाटतात, हे मत इथे नोंदवून ठेवतो.

वेरुळाचा संबंध काय?

१९३० च्या अखेरीस हिरोशी भारतात आले, सोबत एकोणीस वर्षांचा तोशी होता. या दौऱ्यातून १९३१-३२ मध्ये भारत आणि आग्नेय आशियाची मालिका निघाली: ताजमहाल सकाळच्या धुक्यात आणि रात्री, उदयपूर, अमृतसरचं सुवर्णमंदिर, सांचीचं तोरण, कांचनजंगा, आणि आपली वेरूळची लेणी. औरंगाबादेहून शाळेची सहल घेऊन वेरुळाला गेलेल्यांनी ते ठसे जरूर बघावेत. आतला अंधार आणि बाहेरचं ऊन यांतला फरक बोकाशीनं कसा पेलला आहे ते पाहण्यासारखं आहे.

एकाच फळीतून अनेक प्रती निघतात, मग अस्सल कोणती?

कलावंताच्या देखरेखीखाली निघालेली प्रत्येक प्रत अस्सल. फळीला कुणी भिंतीवर टांगत नाही. योशिदांच्या बाबतीत जिझुरीची मोहोर आणि समासातली पेन्सिलची सही बघतात. हिरोशींच्या नंतर त्याच फळ्यांवरून मुलांनी प्रती काढल्या, त्यांत पेन्सिलऐवजी छापील सही आढळते. त्या खोट्या नाहीत, पण किंमत वेगळी. विकणारा ही गोष्ट आपणहून सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

घरी असा ठसा असेल तर कसा सांभाळायचा?

थेट उन्हात लावू नका. लाल-गुलाबी छटा आधी उडतात, म्हणजे मुलाचे गालच आधी जातात. फ्रेम करताना मागे साधा पुठ्ठा नको, आम्लरहित बोर्ड मागा, आणि ठसा सेलोटेपनं किंवा फेव्हिकॉलनं चिकटवू देऊ नका. काच ठशाला टेकता कामा नये, मधे माउंटची फट हवी. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीवर फ्रेम ठेवली तर कागदावर तपकिरी ठिपके येतात. आतल्या भिंतीवर लावा, आणि अधूनमधून काढून मागची बाजू बघत जा. समास कापून फ्रेम लहान करतो म्हणणाऱ्या दुकानदाराकडून ठसा तेवढ्यात परत घ्या, कारण मोहोर आणि सही समासातच असते.

प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

अमेरिकेत टोलेडोच्या कला संग्रहालयानं १९३० आणि १९३६ मध्ये आधुनिक जपानी ठशांची मोठी प्रदर्शनं भरवली होती. मिनिआपोलिसच्या संग्रहालयानं या घराण्याच्या पिढ्यांचं काम एकत्र दाखवलं, आणि २०२४ मध्ये लंडनच्या डलविच पिक्चर गॅलरीत तीन पिढ्या एकत्र पाहायला मिळाल्या. भारतात बसून बघायचं तर मोठ्या संग्रहालयांचे ऑनलाइन संग्रह पुरेसे आहेत. चित्र शक्य तितकं मोठं करा आणि चेहऱ्यापेक्षा आधी कडा बघा. केंतोतून जरासा निसटलेला रंग, कागदात उठलेले बारेनचे गोल ओरखडे आणि गालावर लाली कुठे थांबली ती जागा, हे सगळं पडद्यावरही दिसतं.